वामनराव आणि नदीला न कळवलेला पूल

वामनराव चौबळांना विनोद सांगणं म्हणजे पोलिसात वर्दी देण्यासारखं होतं. तुम्ही सांगून मोकळे व्हायचात, बैठक हसायची, आणि हसणं ओसरलं की कोपऱ्यातून वामनराव कोटाच्या खिशातली पेन्सिल काढायचे.

"छान. हे तुम्हांला कोणी सांगितलं?"

"कोणी म्हणजे? सगळेच सांगतात."

"सगळे एकदम सांगत नाहीत. कोणीतरी एकानं सांगितलं असेल. कुठे सांगितलं? आणि त्या वेळी त्याच्या हातात काय होतं?"

हा तिसरा प्रश्न भल्याभल्यांना गार करायचा. वामनरावांचं म्हणणं असं, की माणूस खोटं बोलताना शब्द तयार ठेवतो, प्रसंग तयार ठेवतो, पण हात रिकामे सोडतो. खरोखर ऐकलेलं असेल तर तो पटकन सांगेल, 'सुपारी कातरत होता' किंवा 'म्हशीचं दावं होतं.' थापाड्या आधी छताकडे बघेल. या कसोटीवर शहापुरातल्या किती सद्गृहस्थांचे किती विनोद फुटले याची गणती नाही. लग्नाच्या पंगतीत त्यांना व्याह्यांपासून लांब बसवायची पद्धत पडली होती.

हुद्द्यानं ते देवी टोचणारे. शहापूर तालुका त्यांच्याकडे होता. मुरबाडचा टोचणारा आजारी पडला की मुरबाडही त्यांच्याच गळ्यात यायचं, आणि तो फार नेमानं आजारी पडायचा. लोक त्यांना टोचणेसाहेब म्हणत. चौबळ हे आडनाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. उंची बेताची, मिशा पांढऱ्या, डोक्यावर पोचा आलेली सोला हॅट आणि पायांत असे बूट की चालताना साहेब एक पाऊल पुढे आणि बूट अर्धं पाऊल मागे. देवळासमोरून जाताना ते हात जोडत नसत, हॅट किंचित उचलत. एकदा पुजाऱ्यानं हटकलं, "देवीचा कोप होईल, वामनराव."

"कसला कोप? आम्ही एकाच खात्यातले. फोड ती पण आणते, मी पण आणतो. तिचा हुद्दा मोठा, एवढंच."

मी तेव्हा शहापूरच्या मराठी शाळेत नुकताच लागलो होतो. वय चोवीस, खोली त्यांच्या शेजारी, आणि जेवण त्यांच्याच घरी. यमुनावहिनी सुकटीची चटणी अशी करायच्या, की बदली झाली तरी नोकरी सोडून इथंच राहावं असं वाटे. नवऱ्याबद्दल त्यांचं मत स्वच्छ होतं. "यांना विचारा, जेवलात का. हे विचारतील, हा प्रश्न पहिल्यांदा कोणी काढला."

माझी ओळख त्यांनी अशीच करून घेतली. पहिल्याच आठवड्यात मी जेवता जेवता म्हणालो, "आमचे आजोबा म्हणायचे, दात आहेत तोवर चणे खा, नातवंडं आहेत तोवर गोष्टी सांग." मला वाटलं, घरातल्या वडीलधाऱ्यांचं शहाणपण ऐकून हे खूश होतील. ते उठले, फडताळातून जुन्या पंचांगांचा गठ्ठा काढला, आणि एकाच्या पाठीमागच्या पानावर बोट ठेवलं. दंतमंजनाची जाहिरात होती. अक्षरन् अक्षर तेच.

"आजोबा पंचांग विकत घेत होते, एवढं सिद्ध होतं," ते म्हणाले आणि आमटी वाढून घेतली.

मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ते स्वतः आले. म्हणाले, "मास्तर, राग मानू नका. साथ आली की आम्ही काय करतो? पहिला रोगी शोधतो. तो सापडल्याशिवाय साथीला अर्थ नाही. म्हणीचं तसंच. पहिल्यांदा बोलला तो माणूस बिचारा कुठेतरी बसलेला असतो, आणि त्याचं श्रेय कोणातरी आजोबाला मिळतं. रविवारी शाळा बंद असते ना? माझ्याबरोबर नावं लिहायला चला."

असा मी त्यांचा रविवारचा लेखनिक झालो. ते टोचायचे, मी पोराचं नाव, बापाचं नाव, गाव लिहायचो. शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो मात्र ते स्वतः भरत. 'मूल निरोगी.' 'मूल चावले.' 'आजीने शिव्या दिल्या, पैकी दोन नवीन.' वरचे अधिकारी रजिस्टर तपासायला आले की हा रकाना वाचून घाम पुसत. पण लिहिलेलं खरं असल्यामुळे काही करता येत नसे.

आता त्या म्हणीकडे येतो. त्या काळात शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत एक वाक्य फार चाललं होतं. "पूल झाला साहेब, पण नदीला कळवलंय का?"

त्यामागची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. मी येण्याच्या तीनचार वर्षं आधी काळू नदीवर, टोकावड्याच्या अलीकडे, एक पूल बांधला होता. मोठा गोरा साहेब आला, फीत कापली, भाषण केलं. तेव्हा गर्दीतून कोणीतरी हे वाक्य टाकलं. साहेब पोट धरून हसला. त्याच श्रावणात नदी आली आणि पूल घेऊन गेली. दोन दगडी खांब उरले, त्यांवर बगळे बसायचे.

पूल गेला, वाक्य राहिलं. आणि राहिलं ते असं, की त्याच्याशिवाय पान हलेना. कोणी मुलीचं लग्न परस्पर ठरवलं, की "नदीला कळवलंय का?" मी हेडमास्तरांना म्हणालो, यंदा चौथीचं गणित सुधारून दाखवतो. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "मास्तर, नदीला कळवलंय का?" कुठलाही बेत, कुठलीही घोषणा, हे वाक्य आलं की आडवी. खुद्द वामनराव ते खेडोपाडी वापरत. पोर रडायला लागलं, आई पदर घट्ट धरून बसली, की ते हत्यार पुसत म्हणायचे, "टोचायचं ठरलं खरं, पण दंडाला कळवलंय का?" बाई हसायची, आणि त्या हसण्यात पोराचा दंड टोचून व्हायचा.

भानगड सुरू झाली ती सत्कारावरून. शहापुरात आबासाहेब वकील म्हणून बडं प्रस्थ होतं. ते वाक्य आपणच त्या दिवशी बोललो, असं ते इतक्यांदा सांगत, की गावाला ते पटलं होतं. गावच्या वाचनालयानं ठरवलं, आबासाहेबांचा सत्कार करायचा आणि सोनेरी अक्षरांत ते वाक्य, खाली त्यांचं नाव, अशी तसबीर दिवाणखान्यात लावायची. ही बातमी मुरबाडला पोचली आणि तिथे आग लागली. मुरबाडात सगळ्यांना माहीत होतं, की ते वाक्य भातगिरणीवाल्या भाऊशेटच्या वडिलांचं. भाऊशेटनं तसबिरीची मोठी चौकट मागवली. शहापुरातून मुरबाडला गेलेल्या एका वऱ्हाडाला जानवसघरात कोणी पाणी विचारलं नाही. प्रकरण तिथवर गेल्यावर वाचनालयाचे चिटणीस वामनरावांकडे आले.

"तुम्ही दोन्हीकडे फिरता. मूळ कोण ते एकदा लिहून द्या. तुमचा शब्द दोन्ही गावं मानतील."

वामनरावांचा चेहरा असा उजळला, की वहिनी आतून म्हणाल्या, "झालं. आता हे महिनाभर जेवणार नाहीत."

पहिल्यांदा आम्ही मुरबाडला भाऊशेटकडे गेलो. गिरणी थांबवून त्यानं आम्हांला गादीवर बसवलं आणि वडिलांची थोरवी सांगितली. वामनरावांनी ऐकून घेतलं.

"त्या वेळी तुमच्या वडिलांच्या हातात काय होतं?"

भाऊशेटनं छताकडे बघितलं. "काठी. चांदीच्या मुठीची."

"आणि पूल उघडला तो माघात?"

"माघातच."

"शेट, तुमच्या वडिलांच्या तेराव्याला मी याच गादीवर बसून श्रीखंड खाल्लं. त्या श्रीखंडाच्या वेळी पुलाचे खांब अर्धेच आले होते. तेव्हा ते आले असतील तर काठी घेऊन आले नसतील."

भाऊशेट चिडला, मग ओशाळला, मग म्हणाला, "तरी पण आबासाहेबांचं नाय ना?"

"ते बघायचंय."

आबासाहेबांचं प्रकरण नाजूक होतं. त्यांच्या घरी जायच्या आधी वामनरावांनी जुनी रजिस्टरं काढली, आणि एका पानावर येऊन इतका वेळ थांबले, की मी उठून त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. पूल उघडला त्याच दिवसाचं पान. स्थळ शहापूर, आबासाहेब वकिलांचं राहतं घर. मूल त्यांचंच, धाकटं. शेऱ्याच्या रकान्यात वामनरावांच्या टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'मूल शांत. वडील हत्यार पाहून बेशुद्ध. कांदा हुंगवला.'

म्हणजे ज्या वेळी आबासाहेब काळूच्या काठी गोऱ्या साहेबाला हसवत होते, त्या वेळी ते स्वतःच्या ओटीवर आडवे होते आणि नाकाला कांदा होता.

मी हसून लोळलो. वामनरावांनी रजिस्टर मिटलं. "हे सध्या कोणाला बोलू नका, मास्तर. दोघे नाहीत हे कळलं. आहे कोण, ते कळलेलं नाही."

पुढचे रविवार शोधात गेले. टोकावड्याला एकानं सांगितलं, ते वाक्य एका मेलेल्या ताडीबाजाचं. वामनरावांनी ते लिहूनसुद्धा घेतलं नाही. "मेलेल्याला म्हण चिकटवणं सोयीचं असतं. तो नाही म्हणत नाही." सापगावच्या एका गाडीवानानं मात्र पटकन सांगितलं, की त्याला ते पहिल्यांदा मुरबाडच्या कचेरीतल्या म्हाताऱ्या पट्टेवाल्यानं सांगितलं, तेव्हा पट्टेवाल्याच्या हातात कोंबडा होता आणि कोंबडा त्याला चोच मारत होता.

"हा खरा माणूस," वामनराव म्हणाले आणि आम्ही परत मुरबाडला.

पट्टेवाला आता घरी बसला होता. अंगणात वाल सोलत होता. मी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही होतात का?"

"व्हतो तर. सायबाला ऊन लागू नाय म्हनून."

"हातात काय होतं?" वामनराव.

"सायबाची छत्री. दुसरं काय असनार माज्या हातात? बंदूक?"

वामनरावांनी त्याच्यासमोर बसकण मारली आणि तेही वाल सोलायला लागले. पट्टेवाल्यानं सांगितलं ते असं. भाषण झालं. साहेब पुलाचं काम बघणाऱ्या ओव्हरसियरला म्हणाला, लोकांना विचारा, खूश आहेत का. पुढे मोळी घेतलेली एक बाई उभी होती. ओव्हरसियरनं तिला विचारलं, काय गो, पूल कसा वाटला? ती म्हणाली, 'पूल झाला, पन नदीला इचारलाव का?' ओव्हरसियरनं साहेबाला त्याच्या भाषेत सांगताना आपल्या कचेरीच्या सवयीनं 'नदीला कळवलंय का' असं करून सांगितलं. साहेब हसला.

"सायब हासला म्हनून ओव्हरसियर हासला. तो हासला म्हनून आमी हासलो. ती बाय काय हासली नाय. ती तशीच उभी. मना वाटतं, ती जबाबाची वाट बगत व्हती."

"कोण बाई?"

"पल्याडच्या उंबरवाडीची. ठमाबाय."

परतीच्या वाटेवर वामनराव एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते. "इचारलाव. कळवलं नव्हे, विचारलं. मास्तर, सगळा तालुका इतकी वर्षं चुकीचं क्रियापद वापरतोय."

उंबरवाडीला आम्ही दिवाळीनंतर गेलो. नदी अजून मांडीइतकी होती. मी धोतर वर बांधलं, वामनरावांनी लशीची पेटी डोक्यावर घेतली, त्यावर हॅट, आणि बूट गळ्यात. मधे उरलेल्या खांबापाशी त्यांचा पाय घसरला. पेटीसाठी त्यांनी आधी नदीला शिवी दिली आणि मग माफी मागितली.

ठमाबाई खळ्यात भात झोडत होती. पन्नाशीची, काटक, हात दोराच्या वेटोळ्यासारखे. नवरा आणि मुलगा मागे भारे रचत होते. आम्हांला बघून ती म्हणाली, "टोचाला आलाव? पोरा गुरामागं गेल्यान. बसा."

वामनराव बसले. त्यांनी ते वाक्य म्हणून दाखवलं, आणि विचारलं, हे तुम्ही बोललात का?

"बोलली. मंग?"

"हातात काय होतं?" हा प्रश्न मी विचारला. सवय लागली होती.

"मोली. डोक्यावर. हात लावला व्हता तिला." तिनं झोडणं थांबवलं. "का रे? काय गुन्हा झाला का?"

"नाही हो. ते वाक्य फार प्रसिद्ध झालंय. शहापूर, मुरबाड, सगळीकडे लोक म्हणतात आणि हसतात."

"हासतात कशाला?"

वामनरावांना हे सांगता येईना. ज्या माणसानं दोन तालुक्यांतला एकेक विनोद उकलून ठेवला होता, तो तिच्याकडे नुसता बघत राहिला. तिनंच पुढे सांगितलं.

"तवा पन हासले. सायब हासला, सगली हासली. मना वाटला, माजं लुगडं फाटलंय. मी मागनं चाचपून बगलं." ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मी काय म्हनली, खांब लावला तो ऐन धारेत. पावसात पानी त्या आंब्याच्या अंगानं फिरून येतं, नि तिथंच आपटतं. दोन पावसाले काठाला बसून बगलं असतं, तं नदीनंच सांगितलं असतं. आमाला नाय इचारलं तं नाय, तिला तरी इचाराचं!"

वामनरावांनी वळून नदीकडे पाहिलं. आंबा होता. त्याच्या खालून नदीचा जुना कोरलेला काठ वळत येत होता आणि नेमका मोडक्या खांबावर रोखलेला होता. पोरालाही दिसावं इतकं ते उघड होतं. बाईनं विनोद केलाच नव्हता. त्या दिवशी तिथे जमलेल्यांत पुलाबद्दल शहाणपणाचं बोलणारी ती एकटी होती.

"मग पुन्हा पूल नाही झाला," वामनराव हळूच म्हणाले.

"कोन करतो! गेला तो गेला. गेल्या पावसात सून अडली. सुईन त्या काठाला, आमी या काठाला. पानी उतराची वाट बगली दोन दिस. पानी उतरलं. सून नाय ऱ्हायली."

मागे भारे रचणारा मुलगा थांबला नाही. एकावर एक भारा ठेवत राहिला.

ठमाबाईनं पुन्हा पेंढी उचलली. "बोलला कोन, ते शोधत आलाव एवरं. बरं केलाव. आता पूल कवा करताव, ते शोधा."

त्या दिवशी वाडीतली सात पोरं टोचली. वामनरावांनी पोरांना हसवलं नाही. रजिस्टरात शेरे लिहिले नाहीत. नदी उतरून या काठी आल्यावर ते वाळूत बसले, बूट घालायचा प्रयत्न केला, आणि एक बूट हातात घेऊन तसेच राहिले.

"तिची सून गेली त्या पावसाळ्यात मी ही म्हण किती पोरांना ऐकवली असेल, मास्तर?"

मी म्हणालो, "तुम्हांला माहीत नव्हतं."

"माझं कामच ते आहे," ते म्हणाले. "माहीत असणं."

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी ते रजिस्टर बगलेत मारून आबासाहेबांकडे गेले. मला साक्षीदार म्हणून नेलं. आबासाहेब सत्काराला उत्तर म्हणून करायचं भाषण आरशासमोर घोटत होते. वामनरावांनी पान उघडून समोर धरलं. आबासाहेबांनी तारीख वाचली, शेरा वाचला, आणि त्यांचा रंग पुन्हा एकदा कांदा हुंगवावा इतका उतरला.

"हे... हे खोडता येईल?"

"सरकारी रजिस्टर आहे, आबासाहेब. खोडता येत नाही. मिटता येतं." वामनरावांनी ते मिटून दाखवलं. "माझं एक काम आहे. काळूवर पूल हवा. अर्ज तुमच्यासारखा कोणी लिहीत नाही."

"ही धमकी आहे!"

"छे. धमकी असती तर मी हातात कांदा घेऊन आलो असतो."

वामनरावांनी वाक्य खरं कोणाचं ते सांगितलं. मग आबासाहेबांनी ठमाबाईची सगळी हकिगत विचारली. सुनेचं ऐकल्यावर त्यांनी भाषणाचा कागद फाडला. माणूस बढाईखोर होता, वाईट नव्हता. बढाईखोराला चांगलं वागायची संधी दिली तर तो ती सहसा सोडत नाही, कारण त्याचीही बढाई मारता येते.

सत्काराच्या दिवशी आबासाहेब उभे राहिले आणि म्हणाले, हे वाक्य माझं नाही. त्यांनी ठमाबाईचं नाव घेतलं, पुलाची गोष्ट सांगितली, खिशातून अर्ज काढून तो वाचून दाखवला आणि व्यासपीठावरच पहिली सही केली. टाळ्या अशा पडल्या, की वाक्य त्यांचं असतं तरी तेवढ्या पडल्या नसत्या. शेजारी बसलेले वामनराव माझ्या कानात पुटपुटले, "बघा, सत्कार झालाच याचा."

मुरबाडचं काम त्याहून सोपं होतं. वामनराव भाऊशेटला फक्त एवढंच म्हणाले, "शहापूरकर पूल बांधून घेतायत. तुमच्या तालुक्यात. दगडावर नाव बहुधा आबासाहेबांचं लागेल." आठ दिवसांत मुरबाडचा स्वतंत्र अर्ज तयार झाला आणि तो शहापूरच्यापेक्षा दोन हात लांब होता.

सह्यांसाठी वामनरावांनी आपली वेगळी युक्ती काढली. ते एका हातानं पोराला टोचायचे आणि दुसऱ्या हातानं आईबापांचा अंगठा अर्जावर घ्यायचे. माझ्याकडे आता दोन कामं झाली. वरून ताकीद आली, की सरकारी नोकरानं सरकारकडेच मागण्या करणं शिस्तीला धरून नाही, बदली का करू नये ते कळवावं. वामनरावांनी उत्तर लिहिलं: 'बदली जरूर करावी. मात्र नवीन माणसास उंबरवाडीस जाण्यासाठी पोहता येते किंवा कसे, याची आधी खात्री करून घ्यावी.' बदली झाली नाही.

पूलही झाला नाही. युद्ध सुरू झालं आणि सगळं लोखंड, सगळं सिमेंट तिकडे गेलं. आमचे अर्ज कुठल्याशा टेबलावर बसून राहिले. पण दर वर्षी पाऊस संपला की वामनराव स्मरणपत्र पाठवायचे. त्यात ते काळूच्या काठावर त्या पावसात काय झालं ते लिहायचे. वाहून गेलेला बैल, अडकलेलं वऱ्हाड, एकदा एका शाळामास्तराचा चष्मा. तो मीच. आबासाहेब त्यांना कायद्याची कलमं पुरवायचे, आणि तिसऱ्या वर्षापासून आपण हे काम कसं सुरू केलं ते लोकांना सांगायला लागले. वामनरावांनी ते ऐकलं आणि पेन्सिल काढली नाही. "राहू दे," म्हणाले. "कलमं बरोबर असतात त्याची."

म्हणही हळूहळू मावळली. वामनरावांनी ती पुन्हा कुठे वापरली नाही, आणि कोणी वापरली तर हकिगत सांगत. ती ऐकली की हसणारा माणूस तोंड मिटायचा. दोन तालुक्यांचा सगळ्यांत चांगला विनोद वामनरावांनी असा एकट्यानं जिवे मारला. वहिनी म्हणत, "टोचून टोचून."

स्वराज्य आलं त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात पूल उभा राहिला. मधल्या काळात मी मुरबाडच्या शाळेत आलो होतो आणि वामनराव निवृत्त होऊन शहापुरातच होते. नवे इंजिनिअर तरुण होते, आणि कोणी त्यांच्या कानावर घातलं होतं की काय, ते काम सुरू करण्याआधी उंबरवाडीत चार दिवस राहिले. पुलाची जागा वर सरकली, आंब्याच्या पार पलीकडे.

उद्घाटन वैशाखात झालं. या वेळी साहेब आपलाच होता, टोपी पांढरी होती, फीत मात्र तीच लाल. बँडबाजा होता. आबासाहेब व्यासपीठावर होते, भाऊशेट त्यांच्या शेजारी, आणि दगडावर तिसऱ्याच कोणाचं नाव होतं. ठमाबाईला नारळ फोडायला बोलावलं होतं. तिनं तो एका फटक्यात फोडला, अर्धा नदीत टाकला आणि खाली उतरली. मग लोक वाजत गाजत पुलावरून निघाले.

मी मुलांना रांगेत घेऊन कठड्याशी उभा होतो. वामनराव कुठे दिसेनात. कोणी त्यांना व्यासपीठावर बोलावलं नव्हतं आणि ते स्वतःहून जाणाऱ्यांतले नव्हते. एवढ्यात एक पोर कठड्यावरून वाकून ओरडलं, "मास्तर, खाली बगा!"

खाली पात्रात गुडघाभर पाणी होतं. त्यातून ठमाबाई चालली होती, लुगडं वर खोचून, डोक्यावर बाजाराची पाटी. पुलाकडे तिचं लक्षही नव्हतं. आणि तिच्या मागून, धोतर मांडीपर्यंत गुंडाळून, हॅट हातात घेऊन वामनराव.

मी वरून हाक मारली, "अहो, वामनराव! पूल झालाय!"

बाजा वाजत होता, तरी ठमाबाईला ऐकू गेलं. तिनं मान वर केली.

"झालाय तं झालाय," ती म्हणाली. "एक पावसाला जाऊ दे. मंग बगू."

"आणि तुम्ही?" मी वामनरावांना विचारलं. "तुमची इतक्या वर्षांची खटपट!"

वामनरावांनी पुलाकडे वर पाहिलं, नवे खांब एकेक करून न्याहाळले, आणि डोळ्यांवर हॅटची सावली धरून म्हणाले, "पूल चांगला आहे, मास्तर. पण बाई म्हणतायत तर थांबलेलं बरं."

दगडावरून त्यांचा पाय सटकला. ठमाबाईनं न बघताच मागे हात केला, त्यांनी तो धरला, आणि ती दोघं पलीकडच्या काठाला लागली. आमच्या रांगेपुढे अजून व्यासपीठावरची मंडळी जायची होती, त्यामुळे मी तिथेच अडकलो होतो. काठावर चढून वामनराव उंबरवाडीच्या वाटेला लागले तेव्हा पाठमोरे दिसले, तेवढेच. त्या आश्विनात ते गेले. तोवर एक पावसाळा झाला होता, आणि पूल जागेवर होता.